लिफ्ट केल्यापासून पिकअप सुटताना थरथरते, बूट परत परत फाटतात, टायर आतून खातात: पार्ट बदलायच्या आधी अँगल मोजा

दोन इंचाची लिफ्ट बसवली, म्हणजे सस्पेन्शनमध्ये किट टाकून गाडी उचलली, गाडी दिसायला एकदम भारी झाली, आणि थोड्याच दिवसांत रडगाणं सुरू. सिग्नलवरून सुटताना पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये बुडाखालून घरघर, पुढच्या रिमच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं, वळणानंतर स्टेअरिंग सोडलं तर आपणहून सरळ यायचं नाव नाही, आणि पुढचे टायर आतल्या कडेने गुळगुळीत. मग अलाइनमेंट करा, बॅलन्सिंग करा, क्रॉस (शाफ्टचा वाकणारा सांधा) बदला, बूट (पुढच्या शाफ्टच्या सांध्यावरचं ग्रीस धरून ठेवणारं रबरी आवरण) बदला, चार दिवस बरं वाटतं आणि परत ये रे माझ्या मागल्या. पुढे डबल विशबोन (चाकाला वर-खाली दोन आर्म), मागे पाटे आणि मधे दोन तुकड्यांचा प्रॉप शाफ्ट (मागच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा) असलेल्या कुठल्याही पिकअपला, म्हणजे व्ही-क्रॉस घ्या नाहीतर हायलक्स, हे दुखणं लिफ्टनंतर साधारण याच क्रमाने येतं.

परत परत येतं याचं कारण माझ्या मते असं, की टायरवाला टायर बघतो, शाफ्टवाला शाफ्ट बघतो, अलाइनमेंटवाला कॉम्प्युटर बघतो, आणि हे सगळं ज्याच्यामुळे बिघडलं ती उंची कोणीच मोजत नाही. बॉक्सवर दोन इंच लिहिलंय ना, मग दोन इंच. तर तसं नसतं.

पुढचा शॉकअप खालच्या आर्मवर टोकाला नाही, मधे कुठेतरी बसलेला असतो. त्यामुळे शॉकअपच्या डोक्यावर २५ एमएमची चकती टाकली की चाकाशी जवळपास ४५ ते ५० एमएम उंची वाढते. हे ज्याला माहीत नाही तो लेथवाल्याकडून दोन इंच लिफ्ट पाहिजे म्हणून थेट ५० एमएमच्या चकत्या करून आणतो आणि गाडी पुढून चार इंचाच्या आसपास उचलली जाते, आणि मग विचारतो की बूट का फाटतात. शिवाय चकती वरून टाकली की अख्खा शॉकअप खाली सरकतो, म्हणजे चाक लटकताना आधीपेक्षा जास्त खाली जातं, आणि खड्ड्यात चाक पूर्ण लटकलं की वरचा आर्म स्प्रिंगला टेकू शकतो, बॉल जॉइंट शेवटपर्यंत वाकतो, सीव्ही जॉइंटही (पुढच्या चाकाला ताकद देणाऱ्या हाफ शाफ्टचा बूटातला सांधा) त्याच्या हद्दीला जातो. जास्त लांब किंवा कडक स्प्रिंग टाकून केलेल्या लिफ्टमध्ये हे होत नाही कारण शॉकअपची लांबी तीच राहते, पण तिथे उलटं दुखणं, लटकायला जागाच कमी उरते आणि स्पीडब्रेकर उतरताना पुढून ठक्क आवाज येतो. तो आवाज ऐकून लोक लिंक रॉड बदलत बसतात.

म्हणून पहिलं काम टेप घेऊन. गाडी सपाट जागी, टायरमध्ये हवा नीट, मागे रोजचं जेवढं वजन असतं तेवढं, कॅनोपी असेल तर कॅनोपीसकट. हबच्या मध्यापासून सरळ वर फेंडरच्या कडेपर्यंत चारही चाकांचं माप घ्या आणि लिहून ठेवा. फेंडर ते जमीन माप घेऊ नका, त्यात टायर मोठा घातल्याची उंची मिसळते आणि तिचा शाफ्टच्या अँगलशी काही संबंध नसतो. लिफ्टच्या आधीचं माप नसेल तर तसल्याच स्टॉक, म्हणजे काही न बदललेल्या गाडीचं घ्या, कुणाची तरी सापडते. डावी-उजवी १०-१२ एमएमपेक्षा जास्त फरक निघाला तर बाकी सगळं थांबवून आधी तो निस्तरा. नवीन स्प्रिंग आणि पाटे थोडे बसतातही, त्यामुळे बसवल्या दिवशीच केलेली अलाइनमेंट ही फक्त गाडी घरी नेण्यापुरती. काही शे किलोमीटर चालवून, परत माप घेऊन मग खरी करायची.

आता थरथर. ती कुठून येते हे आधी ठरवा, नाहीतर बॅलन्सिंगवर पैसे घालत राहाल. समजा टायरचा घेर २.४ मीटर आणि डिफचा (चाकांच्या मधला डिफरन्शियलचा गोळा) रेशो ४.१ आहे. ८० च्या स्पीडला चाक सेकंदाला साधारण ९ वेळा फिरतं, प्रॉप शाफ्ट ३८ वेळा. आणि क्रॉस अँगलमध्ये फिरत असला की तो एका फेरीत दोनदा झटका देतो, म्हणजे सेकंदाला ७६. चाकाचा हलका थरका स्टेअरिंगवर हाताला मोजता येईल असा लागतो. शाफ्टचं बॅलन्स गेलं असेल तर सीटखाली गुणगुण. अँगलचं व्हायब्रेशन त्याहून बारीक, आतला आरसा धूसर होतो, कानात दडा बसल्यासारखी घूं येते, आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला-सोडला की ते बदलतं. ही शेवटची खूण महत्त्वाची. मोकळ्या सपाट रस्त्यावर ७०-८० ला जा, आधी दाबून बघा, मग पाय काढून बघा, मग न्यूट्रल करून बघा. तिन्हीत सारखंच थरथरत असेल तर टायर, रिम किंवा शाफ्टचं बॅलन्स. लोडनुसार कमीजास्त होत असेल तर अँगल किंवा ढिला क्रॉस. आणि फक्त सुटताना, १० ते ३० च्या मधे, वजन असताना जास्त, असं असेल तर नव्वद टक्के सेंटर बेअरिंगच्या (शाफ्टच्या दोन तुकड्यांच्या मधला आधार) आसपासचा अँगल, डोळे झाकून तिथे जा. (सेंटर बेअरिंगचं रबर फाटलेलं असलं तरी अगदी असंच होतं, हाताने शाफ्ट वर-खाली ढकलून बघा, रबर चिरलेलं असेल तर आधी ते बदला.)

क्रॉस असं का करतो ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचा हिशोब त्यावरच आहे. क्रॉस वाकलेला असला की एका बाजूने एकसारखी फिरकी दिली तरी दुसऱ्या बाजूने ती प्रत्येक फेरीत दोनदा जलद, दोनदा हळू होऊन बाहेर पडते. ६ डिग्रीला हा चढउतार अर्ध्या टक्क्याच्या थोडा वर, १२ डिग्रीला सव्वादोन टक्के. म्हणजे अँगल दुप्पट झाला की धक्का चौपट. दोन क्रॉस सारख्या अँगलला आणि त्यांचे योक (क्रॉस धरणारे काटे) एका रेषेत असतील तर पहिल्याने केलेली गडबड दुसरा मिटवतो. कंपनीने हे सगळं स्टॉक उंचीला जमवून दिलेलं असतं. मागचा तुकडा समजा १ मीटरचा आहे, तर ५० एमएम लिफ्टने त्याचा उतार जवळपास ३ डिग्रीने वाढतो. मधल्या क्रॉसलाही ३ वाढले आणि डिफच्या क्रॉसलाही ३ वाढले, तेव्हा कागदावर दोघं एकमेकांना मिटवतातच, पण सेंटर बेअरिंग रबरात लटकलंय, ते त्या वाढलेल्या धक्क्याने वर-खाली नाचतं, आणि वर सुटताना पाटे पिळतात आणि डिफचं नाक वर उचललं जातं, म्हणजे जमलेला हिशोब नेमका त्याच क्षणी मोडतो. तीच तुमची सिग्नलवरची घरघर.

मोजायचं कसं? डिजिटल अँगल गेज ऑनलाइन मिळतो, बुडाला मॅग्नेट असतो, तो घ्या. मोबाइलचं लेव्हल अ‍ॅप पण चालतं, पण फोन सरळ पृष्ठभागाला नीट टेकला पाहिजे. गाडी पिटवर किंवा चारही चाकं टेकतील अशा रॅम्पवर हवी. दोन खांबांच्या लिफ्टवर मोजू नका, तिथे अ‍ॅक्सल लटकतो आणि येणारा आकडा फुकट जातो. ट्रान्सफर केसच्या (ताकद पुढे-मागे वाटणारा गिअरबॉक्स) फ्लँजचा अँगल, पुढच्या तुकड्याचा, मागच्या तुकड्याचा आणि डिफच्या फ्लँजचा, असे चार आकडे, सगळे मागच्या दिशेने किती उतार आहे अशा एकाच पद्धतीने. शेजारच्या दोघांची वजाबाकी म्हणजे त्या क्रॉसचा अँगल.

एक उदाहरण धरून चालू. फ्लँज ३, पुढचा तुकडा ४, मागचा तुकडा १०, डिफ ४. म्हणजे पहिला क्रॉस १, मधला ६, मागचा ६. ठोकताळे असे, की ३ डिग्रीच्या आत असेल तर उत्तम, अर्ध्या-एक डिग्रीच्या खाली मात्र नको, कारण क्रॉसमधल्या सुया फिरल्याच नाहीत तर एकाच जागी खड्डे पाडतात. वरची हद्द शाफ्टच्या स्पीडवर असते, ३००० आरपीएमला साधारण पावणेसहा डिग्री, २००० ला साडेआठच्या जवळ. आपल्या हिशोबाच्या गाडीत १०० ला शाफ्ट २८०० च्या पुढे जातो, म्हणजे ६ डिग्री म्हणजे अगदी काठावर.

आता सेंटर बेअरिंगच्या ब्रॅकेटखाली १५ एमएमचे स्पेसर टाकून ते खाली घेतलं. पुढचा तुकडा ६० सेंटीमीटरचा धरला तर त्याचा उतार १.४ ने वाढतो, ५.४ होतो. मागच्याचा ०.९ ने कमी, ९.१. म्हणजे पहिला क्रॉस २.४, मधला ३.७, मागचा ५.१. बघा, मधला एकदम खाली आला पण मागचा तेवढा नाही, दोघांत दीड डिग्रीचा फरक पडला. लोक इथेच थांबतात, सुटतानाची घरघर गेली म्हणून खुश, आणि मग हायवेवर ९० ला घूं सुरू होते तेव्हा परत टायरवाल्याकडे. मागे पाटे आणि अ‍ॅक्सलच्या मधे २ डिग्रीची पाचर टाकून डिफचं नाक वर केलं की डिफ ६ आणि मागचा क्रॉस ३.१. आता तिघंही शहाण्यासारखे. ताकद लावल्यावर नाक अजून थोडं वर जाईल, तेव्हा इथे हाव करून ३-४ डिग्रीची पाचर टाकू नका. आणि ब्रॅकेट १५ चं काम असताना २५-३० एमएम पाडू नका, पहिला क्रॉस बिघडतो.

पाचर कुठल्या तोंडाने? पाटे अ‍ॅक्सलच्या वर असतील तर नाक वर करायला जाड बाजू मागे. पाटे अ‍ॅक्सलच्या खाली असतील तर जाड बाजू पुढे. पाचर लोखंडाची घ्या, अ‍ॅल्युमिनियमची दबून भुगा होतात. मधली पिन तेवढी लांब लागते, यू-बोल्ट नवीनच टाका आणि थोडं चालवून परत कसा. जुने यू-बोल्ट ताणलेले असतात, तेच परत लावायची कंजूसी करू नका. अजून एक, मागे नुसता लांब शॅकल (पाट्याच्या मागच्या टोकाची लटकती कडी) टाकून उचलली असेल तर डिफचं नाक आपोआप वर गेलेलं असतं, तिथे पाचर टाकायच्या आधी मोजाच, नाहीतर जखम मांडीला आणि मलम शेंडीला.

शाफ्ट काढून परत बसवताना खुणा करायचं विसरू नका, सरकत्या स्प्लाइनवर दोन्हीकडे पेंटची रेघ. तिथे योक एक दाता जरी इकडचा तिकडे बसला तरी सगळं अँगलचं गणित वाया. खात्री करायची असेल तर मागचा शाफ्ट काढून ४एचमध्ये (फोर-बाय-फोर लावून) नुसत्या पुढच्या चाकांवर गाडी थोडी हळू चालवून बघता येते, थरथर गेली तर गुन्हेगार मागेच आहे. पण ज्या शाफ्टचा स्लीव्ह थेट ट्रान्सफर केसमध्ये जातो तो काढला की तिथून ऑइल सांडतं, तोंड बंद करा. आणि मागचा शाफ्ट निघाला की २एचमध्ये (ताकद फक्त मागे) गाडी गिअरमध्ये ठेवून थांबत नाही, चाकाला ओट लावल्याशिवाय खाली घुसू नका.

पुढचे बूट. खूप जण म्हणतात मी तर फोर-बाय-फोर लावतच नाही, मग सीव्ही कसा जाईल. ज्या गाडीला चाकावर हाताने फिरवायचे लॉकिंग हब नाहीत तिथे २एचमध्येसुद्धा चाकाबरोबर पुढचे हाफ शाफ्ट फिरतच असतात, डिफकडून ताकद येत नाही एवढंच. तेव्हा बूटाच्या घड्या दिवसभर एकमेकींवर घासतात. चाक सरळ असताना टॉर्च घेऊन आतल्या बूटाकडे बघा, वरच्या बाजूच्या घड्या ताणलेल्या आणि खालच्या एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या, त्या चिकटलेल्या जागी चकचकीत पट्टा पडलेला दिसला, की फाटायची वेळ जवळ आली समजा. नुसता बूट बदलून काही होत नाही. एक तर उंची कमी करा, ४०-५० एमएमच्या आत आणा, नाहीतर डिफ खाली घ्यायचे स्पेसर टाका. २५ एमएम डिफ खाली आणलं की हाफ शाफ्टचा अँगल साधारण ३ डिग्रीने उतरतो. मला स्वतःला हा अर्धा उपाय वाटतो, कारण पोटाखालची जागा वाढावी म्हणून उचललेली गाडी आणि तिचंच डिफ खाली, शिवाय पुढच्या प्रॉप शाफ्टचा अँगल हलतो आणि स्किड प्लेटलाही स्पेसर लागतात. तरी ५० एमएमला अडकलेल्या गाडीला याने बूटाचं आयुष्य वाढतं हे खरं. ७५-१०० एमएमला हा उपाय म्हणजे दर्या में खसखस.

अलाइनमेंटला येऊ. इथे जास्त वेळ देतो कारण इथेच सगळ्यात जास्त फसवाफसवी आहे, बहुतेक वेळा हेतू वाईट नसतो, सवय असते. गाडी लावली की पोरगा क्लॅम्प लावतो, टो (चाकांची पुढची टोकं आत-बाहेर किती वळलीत ते) हिरवा करतो, प्रिंट देतो, “दादा, झालं, आता एक हात सोडून चालवा.” टो हिरवा, पण गाडी तरीही हायवेला डोलते. लिफ्टने पुढच्या आर्मचा अँगल बदलतो, आणि त्यात मुख्य नुकसान कॅस्टरचं होतं, तो कमी होतो. कॅस्टर म्हणजे स्टेअरिंग ज्या रेषेवर वळतं तिचा मागे कललेला झुकाव, तो कमी झाला की स्टेअरिंग हलकं लागतं, वळून सरळ येत नाही, ट्रकच्या वाऱ्याने गाडी भरकटते. कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरच्या बाजूचा आत-बाहेर कल, गाडीप्रमाणे कधी प्लस कधी मायनस होतो. टो हमखास बदलतो कारण टाय रॉड तिरका झाला. टायर वाचायची साधी पद्धत: नक्षीवर हात आडवा फिरवा, एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखा लागला तर टो. एकच कड गेली आणि करवत नाही, तर कॅम्बर. मधे मधे खळगे पडले असतील तर शॉकअप किंवा बॅलन्स.

कॅस्टर खरंच मोजला का हे ओळखायचं एक सोपं लक्षण आहे. कॅस्टर मोजायला पुढची चाकं फिरत्या प्लेटवर ठेवून, प्लेटच्या पिना काढून, स्टेअरिंग आधी एका बाजूला मग दुसऱ्या बाजूला ठरलेल्या डिग्रीपर्यंत फिरवावं लागतं. ते कोणी केलंच नाही आणि तरी प्रिंटवर कॅस्टरचा आकडा आहे, तर तो आकडा तुमच्या गाडीचा त्या दिवसाचा नाही. गोड बोलून करून घ्या, आणि आधीचं-नंतरचं दोन्ही प्रिंट मागा.

सेटिंग खालच्या आर्मच्या दोन कॅम बोल्टवर (फिरवले की आर्म सरकवणारे बोल्ट) असतं, पुढचा आणि मागचा. या दोघांच्या रेंजमधून कॅस्टर आणि कॅम्बर दोन्ही काढायचे, एकाला जास्त दिलं की दुसऱ्याला कमी पडतं. मी सांगेन, कॅम्बर शून्याच्या जवळ जमला की उरलेली सगळी रेंज कॅस्टरला द्या, डावा-उजवा फरक अर्ध्या डिग्रीच्या आत ठेवा, आणि टो सगळ्यात शेवटी. कॅम पूर्ण फिरवूनही कॅस्टर कंपनीच्या आकड्याजवळ येत नसेल तर उंची तरी कमी करा नाहीतर आफ्टरमार्केट वरचे आर्म टाका, त्यात बॉल जॉइंट मागे सरकवलेला असतो आणि दोन-तीन डिग्री कॅस्टर परत मिळतो. स्वस्त नाहीत. पण दर वर्षी पुढचे दोन टायर घेण्यापेक्षा परवडतात. आपल्या कोकणातल्या गाड्यांचे कॅम बोल्ट बुशच्या आतल्या नळीत गंजून चिकटलेले असतात, पाना लावला की नट फिरतो आणि बोल्ट जागचा हलत नाही, म्हणून दुकानदार गुपचूप टो करून सोडून देतो. आधी दोन दिवस गंज सुटायचं ऑइल मारून ठेवा, तरी नाही हलला तर बोल्ट कापून नवीन बोल्ट-बुश, दुसरा मार्ग नाही.

जिम्नीसारख्या दोन्हीकडे सलग अ‍ॅक्सल असलेल्या गाड्यांचं गणित थोडं वेगळं. तिथे कॅम्बर लिफ्टने हलत नाही, पण अ‍ॅक्सल पुढे-मागे गोल फिरतो म्हणून कॅस्टर जातोच, आणि पॅनहार्ड रॉडमुळे (त्याला आडवा धरून ठेवणारा दांडा) अख्खा अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतो. शाफ्ट आखूड, म्हणून तेवढ्याच लिफ्टला अँगल जास्त वाढतो. तिथे ऑफसेट बुश किंवा कॅस्टर सुधारलेले आर्म, आणि कमी-जास्त करता येणारा पॅनहार्ड रॉड लागतो.

सुटलेल्या दोन-चार गोष्टी. ब्रेकचे होज आणि एबीएसची वायर चाक पूर्ण लटकवून, स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघा, ताण येता कामा नये. ज्या पिकअपला मागे अ‍ॅक्सलला जोडलेला ब्रेकचा एलएसपीव्ही (वजनाप्रमाणे मागचा ब्रेक कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह) आहे तिथे मागून उचलल्यावर त्या बिचाऱ्याला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि तो मागचा ब्रेक कमी करतो, लिंकचं ब्रॅकेट तेवढंच सरकवावं लागतं. हेडलाइट खाली घ्या. आणि हो, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली कंपनीच्या मूळ नोंदीबाहेरचे बदल चालत नाहीत, सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलंय, इन्शुरन्स क्लेमच्या वेळी हा मुद्दा निघू शकतो, तेव्हा जे काय करायचं ते कळून-सवरून करा.

शेवटचं, खालच्या-वरच्या आर्मचे आणि मागच्या शॅकलचे बोल्ट चाकं लटकलेली असताना फायनल टाइट करू देऊ नका. रबर बुश त्या अवस्थेत आवळला की गाडी खाली उतरल्याबरोबर तो कायमचा पिळलेला राहतो, उंची ५-१० एमएम खोटी दाखवतो आणि लवकर फाटतो. हाताने लावून ठेवा, गाडी चाकांवर उतरवा, दोन-चार वेळा बंपरवर जोर देऊन हलवा, मग टॉर्क करा, कॅमच्या जागी पेंटची खूण करा आणि तेव्हाच अलाइनमेंटला न्या.